नागभीडला अकरा गुण

चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. पाटबंधारे खात्यात मी ट्रेसर म्हणून लागलो. म्हणजे इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढणार आणि आपण त्यावर पारदर्शक कागद पसरून शाईनं तो जसाच्या तसा उतरवणार. पुढं कॉम्प्युटर आले, शाई गेली, आणि मला दुसऱ्यांचे नकाशे तपासायला बसवलं. कालव्याची रेघ नाल्यावरून उडून गेली का, उंचीचा आकडा उलटा पडला का, हे पाहायचं आणि खाली 'तपासले' लिहून सही ठोकायची. तीस वर्षं हे केलं की माणूस बिघडतो. भाजीवाल्याचा तराजू, डॉक्टरचं निदान, शेजाऱ्याचं हसणं, सगळं मी दोनदा तपासतो. बायको म्हणते, "तुम्हाले देवानं दर्शन देल्लं तरी तुम्ही त्याले ओळखपत्र मागसान." तिचं काही खोटं नाही.

निवृत्त झालो तेव्हा माझ्याजवळ माणसं दोनच उरली होती. मुलगी पुण्याला, तिचा संसार तिच्यापाशी. ऑफिसातल्या लोकांशी मी एकेक करून भांडून बसलेलो. राहिली बायको, आणि राहिला माझा शाळेपासूनचा दोस्त, ज्याचं नागपुरातल्या जरीपटका भागात कापडाचं दुकान आहे. तो मला 'काय बे' म्हणतो आणि मी उलट त्याला 'काय बे' म्हणतो. साठीला आलेल्या दोन माणसांत हा 'बे' टिकला असेल तर दोस्ती किती जुनी, हे नागपूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. या दोघांवर मी संशय घेतला आणि दोघांनाही गमावायच्या बेतात आलो, ती ही हकिकत.

सुरुवात झाली मुलीनं दिवाळीला पाठवलेल्या खोक्यापासून. रेल्वे बांधायचा खेळ होता. मोठा पुठ्ठ्याचा नकाशा, त्यावर ठिपकेच ठिपके, आणि मेणाच्या रंगीत पेन्सिली. आपापल्या रंगानं ठिपक्याला ठिपका जोडत रूळ टाकायचे, गावं गाठायची, माल पोचवायचा, गुण मिळवायचे. डाव संपला की फडक्यानं पुसायचं, नकाशा पुन्हा कोरा. "बाबा, तुम्हाला नकाशे आवडतात म्हणून पाठवला," मुलगी म्हणाली. खेळ चांगला होता, पण नकाशा परदेशातला. गावांची नावं घेता घेता आमची बोबडी वळली. दोस्तानं एका गावाचं नाव तीन वेळा तीन तऱ्हेनं घेतलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"हे आपलं काम नाही बे," तो म्हणाला. "याच्यापेक्षा आपल्या इकडचा नकाशा बनव ना. तीस वर्षं काय गवत उपटत होता का तिथं?"

मला तेवढंच निमित्त पाहिजे होतं. माळ्यावरून विदर्भाचा भिंतीवर लावायचा जुना नकाशा काढला, त्यावर कागद पसरला आणि कित्येक वर्षांनी हातात शाईचं पेन धरलं. रेघ तुटेल असं वाटलं होतं. नाही तुटली. मनीषनगरच्या आमच्या घरामागून खऱ्या गाड्या धडधडत जात होत्या आणि मी जेवणाच्या टेबलावर खोट्या गाड्यांसाठी वैनगंगा उतरवत होतो. काटोलची संत्री, तुमसरचं मँगनीज, गोंदियाचा तांदूळ, यवतमाळचा कापूस, चंद्रपूरचा कोळसा. मधोमध नागपूर, सगळ्यांचे रूळ तिथूनच सुटणार. सपाटीवर एक ठिपका जोडायला एक चाल, नदीवर दोन, मेळघाटासारख्या डोंगरात तीन. दोन महिने आम्ही नवराबायको सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवलो, कारण टेबल माझ्या ताब्यात होतं. बायको कुरकुरली नाही. उलट एकदोनदा मागं येऊन उभी राहिली आणि बराच वेळ पाहत राहिली.

गुण ठरवायची माझी रीत सोपी होती. नागपूरवर दोऱ्याचं एक टोक धरायचं, दुसरं गावावर नेऊन ठेवायचं, आणि तो दोरा बोटांनी मोजायचा. जितकी बोटं, तितके गुण. वर्धा चार, गोंदिया सात, चंद्रपूर आठ, अकोला बारा. एखाद्या ठिकाणी तर दोऱ्याचीही गरज पडली नाही, अंतर तोंडपाठच होतं. तक्ता केला, आणि त्या तक्त्यावरून पत्ते. प्रत्येक पत्त्यावर एक माल, एक गाव आणि गुण.

पत्त्यांना जाड कागद पाहिजे होता. आमच्या कपाटात लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडून होता. पत्रिका कोणी फेकत नाही, वर गणपती असतो. मी गणपतीचा तेवढा भाग कापून देवघरात वेगळा ठेवला आणि उरलेल्या कोऱ्या पाठीचे पत्ते केले. फुकटात झालं म्हणून मी भल्ला खूश होतो. खरं सांगतो, नोकरीत कधी झाला नाही तेवढा आनंद मला त्या नकाशानं दिला. खाली कोपऱ्यात मी बारीक अक्षरात 'तपासले' लिहून सहीसुद्धा केली.

दोस्ताचं दुकान ज्या वारी बंद असतं त्या वारी दुपारी तो यायचा. तिघं बसायचो. प्रत्येकाच्या हातात तीन पत्ते. नको असलेला पत्ता मधे उघडा टाकायचा आणि गठ्ठ्यातला नवा घ्यायचा. मागून येणाऱ्याला तो टाकलेला पत्ता पाहिजे असेल तर त्यानं खुशाल उचलावा. ज्याचे साठ गुण आधी भरतील तो जिंकला.

पहिला डाव दोस्त जिंकला. मी त्याची पाठ थोपटली. दुसराही तोच जिंकला. तिसऱ्या डावात मी चाळीसवर होतो आणि त्यानं साठ भरले. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. नकाशा मी केला, गावं मी मांडली, नद्या मी उतरवल्या, आणि ज्याला शाळेत भूगोलात कधी पास होता आलं नाही तो माणूस मला माझ्याच नकाशावर हरवतो? कसं काय?

चौथ्या डावाला मी खेळलो कमी आणि पाहिलं जास्त. दोस्त पत्ता उचलताना अंगठा त्याच्या पाठीवरून फिरवायचा. हळूच, सवयीनं फिरवल्यासारखा. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पत्रिका काय सगळ्या एका घरच्या होत्या का? एकीचा कागद मोतिया, दुसरीचा गुलाबीसर, तिसरीला अजून अत्तराचा वास. आणि हा माणूस कापडवाला! डोळे मिटून नुसत्या बोटांनी सुती कोणतं आणि मिसळीचं कोणतं ते सांगतो. याला पत्ते पाठीवरून ओळखू येणार नाहीत तर कोणाला येतील? च्यामारी, मीच त्याच्या हातात खुणेचे पत्ते दिले होते!

त्या आठवड्यात मी सगळ्या पत्त्यांना पाठीमागून खाकी कागद चिकटवला. शाळेच्या वह्यांना लावतात तो.

"काय बे, पत्त्यांले शाळेत घालून राहिला का?" दोस्तानं हसत विचारलं.

मी म्हटलं, खराब होतात. त्यानं पत्ते हातात घेतले, अंगठा फिरवला, आणि तो डावही जिंकला.

मग माझं लक्ष शोकेसकडे गेलं. माझ्या खुर्चीमागंच काचेचं शोकेस. त्याला समोरून माझे पत्ते दिसत असतील, दुसरं काय? पुढच्या वेळी मी शोकेसवर चादर टाकली. बायकोनं विचारलं, "त्याले काय थंडी वाजून राहिली का?" मी म्हटलं, धूळ बसते. ती माझ्याकडे पाहून नुसती हसली. त्या हसण्यानं मला दुसरीच शंका आली.

ही शंका सांगायला आजही लाज वाटते, पण सांगतो. डावात कधी कधी बायको आणि दोस्त एकमेकांकडे पाहायचे. मी एखादा पत्ता टाकला की त्याची नजर आधी पत्त्यावर जायची आणि मग तिच्याकडे. ती मान खाली घालायची. एकदा मी हात धुऊन परत आलो तर दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होते. मी दारात दिसलो आणि दोघंही गप्प.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही," बायको म्हणाली. "चहात साखर किती टाकू ते विचारून राहिली होती."

आता, दोस्ताला मधुमेह होऊन दहा वर्षं झाली. आमच्या घरी तो बिनसाखरेचाच चहा पितो आणि हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नाही. एकतीस वर्षं संसार केलेली बायको आणि पंचेचाळीस वर्षं जुना दोस्त, दोघं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवत होते. मला वाईट वाटलं. वाईटापेक्षा राग जास्त आला, कारण वाईट वाटणं मला जमत नाही.

मी वही सुरू केली. ऑफिसात ठेवायचो तशी, रकाने पाडून. कोणी कोणता पत्ता उचलला, कोणी कोणता टाकला, कोणाचा रूळ कुठून कुठं. दोन डावांतच चोरी सापडली असं मला वाटलं. दोस्त गठ्ठ्यातून पत्ते कमीच घ्यायचा. तो उचलायचा मी टाकलेले. बहुतेक नागभीडचे. माझ्या हातात नागभीड आलं की मी ते पहिल्याच फेरीत टाकायचो. एवढं लांब रूळ टाकत कोण बसणार? आणि मी टाकलं रे टाकलं की हा उचलणार, मुकाट्यानं उमरेड-भिवापूरवरून आपली हिरवी रेघ पुढं नेणार आणि अकरा गुण खिशात घालणार. म्हणजे मी काय टाकणार हे त्याला आधीच माहीत असायचं. कोण सांगत होतं त्याला?

नवव्या डावाला मी मुद्दाम जाळं लावलं. नागभीडचा पत्ता हातात आला, पण टाकला नाही, धरून ठेवला. दोस्त वाट पाहू लागला. दोन फेऱ्या गेल्या, तीन गेल्या. त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं पदरानं तोंड झाकलं. ती हसत होती.

माझं डोकं सटकलं.

"तुले माझे पत्ते कसे समजतात बे?" मी विचारलं.

"कोणते पत्ते?"

"वेड घेऊन पेडगावले नको जाऊ. नऊ डाव झाले. मी पाहून राहिलो. तू चोरून खेळून राहिला, अन् ही तुले सामील आहे."

दोस्त आधी हसला. मग त्याला माझा चेहरा दिसला आणि तो हसायचा थांबला. त्यानं पेन्सिल खाली ठेवली, तीही नीट, नकाशावर डाग पडणार नाही अशी बाजूला.

"चोर म्हणून राहिला तू मले?"

मी वही त्याच्यासमोर सरकवली. त्यानं उघडलीच नाही.

"वहिनी, येतो," तो म्हणाला, चष्म्याची डबी उचलली आणि चहा न घेता निघून गेला. फाटक लावून गेला. रागानं गेलेला माणूस फाटक लावत नाही, हा लावून गेला, आणि त्याचं मला उगाच जास्त लागलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आत जाऊन तिनं चहाचा गॅस बंद केला.

पुढचे तीन आठवडे तो आला नाही. फोनही नाही. बायको माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. जेवता का, दळण आणा, पाणी गेलं. दुपारी त्याची यायची वेळ झाली की माझे कान फाटकाकडे लागायचे. पण मी मागं हटणारा नव्हतो. माझ्याकडे वही होती. पुरावा पक्का करायचा आणि दोघांपुढं ठेवायचा, एवढंच डोक्यात होतं. मग मी टेबलावर एकटाच खेळायला बसलो. तिन्ही रंग माझे, तिन्ही हात माझे. निळा मी, लाल बायको, हिरवा तो. वहीत लिहिल्याप्रमाणं प्रत्येकाला खेळवायचं.

हिरवा जिंकला. पुन्हा खेळलो. हिरवा जिंकला. मग रंग बदलले, निळ्याला नागभीडकडे पाठवलं. निळा जिंकला. लालला पाठवलं, लाल जिंकला. इथं ना कोणी अंगठा फिरवत होतं, ना काच, ना नजरानजर. जो नागभीडला जाईल तो जिंकणार. म्हणजे माणसांत खोट नव्हती, पाणी नकाशात मुरत होतं.

मी दोरा घेतला आणि एकेक गाव पुन्हा मोजू लागलो. वर्धा चार, बरोबर. गोंदिया सात, बरोबर. चंद्रपूर आठ. गडचिरोली नऊ. यवतमाळ, अमरावती, अकोला, सगळी बरोबर. नागभीडचं अंतर तर तोंडपाठच होतं, ते काय मोजायचं? माझं काम चोख होतं. मी दोरा गुंडाळायला लागलो.

"एक राह्यलं," बायको म्हणाली. ती कधी येऊन मागं उभी राहिली मला कळलं नव्हतं.

"कोणतं?"

तिनं माझ्या हातातून दोरा घेतला. एक टोक नागपूरवर धरलं, दुसरं नागभीडवर नेलं. मग दोरा माझ्यापुढं धरून माझीच बोटं त्यावर एकेक ठेवली. एक, दोन, तीन, चार, पाच. दोरा संपला. तक्त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, अकरा.

नागभीड तिचं माहेर.

"हे अकरा कुठून आणले?" तिनं विचारलं.

"मोजले असतील."

"मोजले नाही. बाकीच्या गावांवर दोरा टेकवल्याचे ठिपके आहेत पेन्सिलीचे. याच्यावर नाही. मी तेव्हाच पाह्यलं, तुम्ही नकाशा करून राहिले होते तेव्हा. तुम्ही दोरा लावलाच नाही, तोंडानं अकरा म्हटलं अन् लिहिलं. माझं माहेर तुम्ही अकोल्याच्या शेजारी नेऊन ठेवलं."

तिथं खोटं बोलायला जागाच नव्हती. तीस वर्षं मी हेच म्हणत आलो होतो. राखी आली, लांब पडतं. भाऊबीज आली, एका दिवसात होत नाही. तू एकटी कुठं जातेस एवढ्या लांब. आधी नॅरोगेजची छोटी रेल्वेगाडी होती तेव्हा म्हणायचो, ती रांगत जाते, दिवस मोडतो. ती गाडी रेल्वेनं बंद केली तेव्हा म्हणालो, आता तर गाडीही नाही. बस अडीच तासांत जाते हे मला माहीत होतं. म्हणता म्हणता मलाच ते खरं वाटायला लागलं, इतकं खरं की दोराही लावावा वाटला नाही.

कारण काय होतं तर ऐका. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला, पंगतीत, सासऱ्यांनी मला विचारलं होतं, "ट्रेसर म्हणजे दुसऱ्याचं गिरवून काढायचं ना?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. साधे मास्तर होते ते, माहिती म्हणून विचारलं. पण शेजारी माझा मेहुणा बसलेला, इंजिनिअर झालेला, आणि तो हसला. कशावर हसला कोण जाणे. मी ठरवून टाकलं की हे घर मला हसतं. त्यानंतर त्या घरात कोणीही हसलं की ते माझ्यावर, कोणी हळू बोललं की ते माझ्याबद्दल. मग जाणंच कमी केलं आणि दोष अंतराला दिला. एवढंच. याच्यापेक्षा मोठं काही कारण असतं तर सांगताना तरी बरं वाटलं असतं.

"आई फोनवर विचारायची," बायको म्हणाली, "जावयाले एवढं काम असते का वं? मी हव म्हणायची. धरण बांधून राहिले म्हणायची."

ती रडली नाही. दोरा टेबलावर ठेवून आत गेली.

मी चपला घातल्या आणि जरीपटक्याला गेलो. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दोस्त एक थान गुंडाळत होता. मला पाहून त्याचे हात थांबले नाहीत.

"चुकलं बे माझं," मी म्हटलं. "नागभीड पाचच बोटं आहे."

"मले दुसऱ्याच डावात समजलं होतं," तो म्हणाला. "साडेपाच मीटरचं अन् अकरा मीटरचं मले नजरेनं समजते. जवळचं गाव, डोंगर नाही, मोठी नदी नाही, अन् अकरा गुण. मी वहिनीले म्हटलं, यानं काहीतरी लफडं केलं नकाशात, सांगू का? त्या म्हणे, सांगू नका भाऊजी. त्याईच्या हातानं लिहिलेलं आहे, त्याईलेच दिसू द्या."

"म्हणून तुम्ही दोघं..."

"हव. तेवढंच बोललो आम्ही. अन् मग मी तं धंदेवाला माणूस. तू टाकून राहिला, मी उचलून राहिलो. मी काहून सोडू?"

मला हसू आलं. त्याला आलं नाही. म्हणजे मी बरोबरच होतो, दोघं माझ्यापासून लपवत होते. लपवत होते ती माझीच चूक.

"पण तू मले चोर म्हटलं बे," तो म्हणाला. आता त्यानं थान खाली ठेवलं होतं. "डाव गेला खड्ड्यात. वहिनीसमोर म्हटलं. अन् त्याईलेही सामील म्हटलं. हे कुठून येते तुझ्या डोक्यात?"

मघाशी टेबलापाशी मला सासऱ्यांच्या पंगतीतलं ते हसणं आठवलं होतं, पण ते त्याला सांगता आलं नाही. माफ कर म्हटलं. हात जोडले. दुकानातल्या नोकरमाणसांसमोर जोडले.

"ठीक आहे, येईन मी," तो म्हणाला. "आज नाही. येईन."

तो येईल हे मला त्याच्या आवाजावरून कळलं. पाय हलके झाले. घरी येईपर्यंत मी मनात सगळं जुळवलं होतं. एक माणूस सुटता सुटता राहिला, आता दुसऱ्याचं पाहू. चूक सापडली की दुरुस्त करायची, मला तेवढंच येतं. बायको स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होती. मी दारातच उभा राहून बोलायला लागलो, तिनं मधे काही म्हणू नये म्हणून भरभर.

"ऐक वं. उद्याच निघू. नागभीडले. सकाळची बस धरली की जेवायच्या वेळेपर्यंत तिथं. दोन दिवस राहू, चार राहू, तू म्हणशील तितके. यायची घाई नाही."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, कसली तरी खात्री करून घेतल्यासारखं पाहिलं.

"कोणाकडे, जी?" ती म्हणाली.

तिचे वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. आई गेली त्याला तीन. भाऊ मुलाकडे हैदराबादला राहायला गेला आणि घर दुसऱ्यांना विकून टाकलं, त्या कागदांवर सही करायला ती एकटीच जाऊन आली होती. हे सगळं मला माहीत होतं. बोलताना ते माझ्या लक्षातच नव्हतं.